दमयंतीबाईंच्या गिटारचा खालचा पिकअप

माझा खालचा आवाज गेल्याचे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी आमच्या गल्लीत टँकर आला होता. २०१६ चा मे महिना होता. पडेगावच्या आमच्या घरी आठ दिवसांनी पाणी येत होते. बादल्या, घागरी, पातेली, अगदी चहाचे भांडेसुद्धा दाराशी रांगेत होते आणि व्यंकटराव हातात पाइप धरून उभे होते. आत त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी मला कोपऱ्यातून काढले. पिशवीची चेन ओढली. तीन वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

मित्रांनो, मी इलेक्ट्रिक गिटार आहे. वयाने तुमच्या आईवडिलांच्या बरोबरीची असेन. दमयंतीबाईंनी माझ्या गंजलेल्या तारा उतरवल्या, नव्या चढवल्या आणि ॲम्प्लिफायरची वायर जोडली. त्यांनी तारा छेडल्या. वरचा आवाज आला, गोल आणि गोड. मग त्यांनी खटका खाली केला. काहीच आले नाही. त्यांनी पुन्हा वर केला, पुन्हा खाली केला. खाली केला की नुसती शांतता.

इथे थोडे समजावून सांगते. माझ्या तारांखाली दोन पिकअप आहेत. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. त्यावर ताणलेली वाजवायची तार थरथरली की त्या गुंडाळीत किंचितशी वीज तयार होते आणि ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन तिचा आवाज होतो. माझे पिकअप हमबकर जातीचे आहेत. त्यांत दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. त्यामुळे विजेची घरघर विरून जाते आणि सूर तेवढा उरतो. एक पिकअप माझ्या गळ्याजवळ आहे, तो वरचा. दुसरा ब्रिजपाशी, म्हणजे जिथून तारा निघतात तिथे, तो खालचा. खालच्याचा आवाज धारेचा असतो. दमयंतीबाई सारे आयुष्य त्या खालच्या आवाजात वाजवत आल्या होत्या.

व्यंकटराव ओल्या पायांनी आत आले.

"अहो, खालचा बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"वायर सैल असेल. दे इकडे."

वायर सैल नव्हती. व्यंकटरावांनी आपला मीटर आणला. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे मालाची तपासणी केली होती आणि निवृत्त झाल्यावरही मीटर त्यांच्या हाताशी असे. वरच्या पिकअपला काटा हलला. खालच्याला जागेवरून उठला नाही. मग त्यांनी माझी पिशवी उलटी केली. तळ ओला होता. आतल्या फोमवर पांढरे खार चढले होते.

दोघांनीही कोपऱ्याकडे पाहिले. तिथे पाण्याचा मोठा निळा ड्रम होता. तीन उन्हाळे तो तिथेच होता आणि त्याची तोटी थेंब थेंब गळत होती. मी त्याला टेकून उभी होते. बोअरचे खारे पाणी फोमने हळूहळू वर ओढले होते. ब्रिजपर्यंत ते पोचले, गळ्यापर्यंत पोचले नाही.

"हा ड्रम तुम्ही ठेवलात इथं," दमयंतीबाई म्हणाल्या.

"मग कुठं ठेवायचा? डोक्यावर? आठ दिवसांनी पाणी येतं!"

"मी म्हटलं होतं, तिला माळ्यावर ठेवा."

"तीन वर्षांत तू हात तरी लावलास का तिला?"

दमयंतीबाईंनी उतरवलेल्या गंजक्या तारा गोळा करायला घेतल्या. त्या तीन वर्षांत त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सारे केले होते. व्यंकटरावांना ते ठाऊक होते. बोलून गेल्यावर त्यांना वाईटही वाटले असेल, पण तसे त्यांनी म्हटले नाही. बाहेरून कोणी ओरडले, "काका, पाइप सांडतोय!" आणि ते पळाले.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे लाकूड हाताने तासत आणि पिकअपही हातानेच गुंडाळत. गुंडाळणाऱ्या बाईंनी माझ्या खालच्या पिकअपला फेरे थोडे कमी दिले. का, ते मला माहीत नाही. कदाचित तार संपत आली असेल. त्यामुळे तो जन्मापासून जरा अशक्त होता. १९८६ साली बँकेत नव्यानेच लागलेल्या दमयंतीने मला दुकानात उचलले, दोन्ही आवाज ऐकले आणि खालच्यापाशी थांबून ती हसली.

घराणे भिक्षुकीचे, वडील कचेरीत कारकून, आणि मुलगी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाके मुरडली. पण त्या वाजवत राहिल्या. लग्नानंतरही वाजवत राहिल्या. गणपतीत, जत्रांत, शाळांच्या मैदानांवर आम्ही गेलो. पिशोरचा कार्यक्रम मला अजून आठवतो. दिवेलागणीलाच लोक गोणपाट अंथरून बसले होते. रामकिसन नावाचा गायक होता, त्याचा आवाज पातळ पण फार गोड. तो एक ओळ गाऊन थांबायचा आणि त्या थांबण्यात दमयंतीबाई माझ्याकडून चार सूर काढायच्या. कार्यक्रम संपल्यावर सखूबाई नावाची एक म्हातारी धनगरीण काठी टेकत मंचापाशी आली. तिने माझ्या तारेला बोट लावले आणि दचकून मागे घेतले.

"अगं बया! ही तर त्या पोराच्या मागं मागं बोलती. वाजवनारी तूच का गं?"

"हो, आजी."

"कुनाच्या मधी मधी बोलू नये हे ह्या लाकडाला कळतंय. आमच्या सुनंला शिकीव की."

सगळा मंच हसला. व्यंकटराव त्या दिवशी आमच्याबरोबर होते. तेही हसले. पण ती म्हातारी काय म्हणाली ते त्यांनी ऐकून सोडून दिले.

पुढे सई झाली. बँकेत बढती झाली. ऑर्केस्ट्रा मोडला. शहर पसरत गेले. गुलमंडीजवळचे भाड्याचे घर सुटले आणि आम्ही पडेगावला आलो. तेव्हा खिडकीतून शेते दिसत, नंतर फक्त घरांच्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या. मी कधी रविवारी वाजत असे, नंतर कधी सणावारी, नंतर पिशवीतच.

त्या मे महिन्यात मला बाहेर काढण्याचे कारण सई होती. तिचे लग्न डिसेंबरात ठरले होते आणि पुण्याहून फोनवर तिने आईला बजावले होते, "आई, संगीताच्या दिवशी तू वाजवायचंस. बाकी काही नको मला." दमयंतीबाईंना ते फार हवे होते. लेकीने त्यांना मंचावर कधी पाहिलेच नव्हते.

टँकर आल्याच्या दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी मेलेला पिकअप सोडवला आणि कचरूकडे नेला. मलाही खांद्याला लावून नेले. कचरू मूळचा फुलंब्रीकडचा. पडेगावच्या रस्त्याला त्याचे मोटारी भरायचे दुकान होते. जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी घालायची, याला मोटार भरणे म्हणतात. विहिरी आटल्या होत्या, मोटारी कोरड्या फिरून जळत होत्या आणि त्याच्या दारात त्यांचा ढीग लागला होता.

कचरूने पिकअप तळहातावर घेतला.

"साहेब, ही मोटार कुनाची म्हनायची? उंदराची?"

"चेष्टा नको. उघडून बघ."

त्याने पत्र्याचे झाकण अलगद काढले आणि भिंग लावले.

"लई बारीक तार हाय. माझ्या तारा म्हंजी हिच्यापुढं बैलाची दावी. हे बघा, सगळं हिरवं पडलंय. खारं पानी प्यालंय. माझ्याकडं पान्यावाचून मोटारी मरत्यात, आन् हे पान्यानं मेलं."

"दुरुस्त होईल?"

"तार आनून द्या, भरून बघतो. चुंबक चांगलं हाय. पन बाईंना घेऊन या. मोटारीचं बरं असतं, पानी पडलं का झालं. हे बरं झालं का नाय, ते वाजवनाऱ्याबिगर कोन सांगनार?"

"मी आहे ना. मीटर आहे माझ्याकडे."

"मीटर काय गानं ऐकतंय व्हय?" कचरू म्हणाला आणि मोटारींकडे वळला.

व्यंकटरावांना ते लागले. त्यांनी ठरवले, जुने भरत बसायचे नाही. नवा आणायचा, आणि असा आणायचा की जुन्याची आठवण निघू नये. त्यांच्या मनात दमयंतीबाईंना खूश करायचेच होते, हे मी शपथेवर सांगते. ड्रमची चूक त्यांना भरून काढायची होती. पण ती त्यांनी आपल्याच पद्धतीने भरायला घेतली.

त्यांनी मोठा कागद घेतला आणि रकाने आखले. चुंबक कशाचे, फेरे किती, ओहम किती, प्रत्येक तारेखाली येणाऱ्या खिळ्यांमधले अंतर किती. संगणकावर वाचून वाचून त्यांनी एकतीस पिकअपांची माहिती भरली. जून गेला, जुलै गेला. एका दुपारी दमयंतीबाई शेजारी येऊन बसल्या.

"अहो, काय चाललंय?"

"तुझा पिकअप निवडतोय."

"मग मला विचारा की."

"तुला यातलं काय कळतं? सिरॅमिक चुंबक म्हणजे काय, सांग बरं."

"ते नाही सांगता येत. मला वाजवता येतं."

"वाजवणं वेगळं, निवडणं वेगळं."

"असं होय? मग ही मेथीपण निवडा," असे म्हणून त्यांनी जुडी त्या कागदावरच ठेवली आणि आत गेल्या. व्यंकटरावांनी खरेच ती निवडली. पण त्यांना काही विचारले नाही.

कारखान्यात ते एक गोष्ट शिकले होते. मोटार जास्त ताकदीची असली की पाणी जास्त उंच चढते. त्याच हिशेबाने, ओहम जास्त म्हणजे आवाजाला जोर जास्त असे धरून, त्यांनी सर्वांत जास्त आकड्याचा पिकअप निवडला. माझ्या वरच्या पिकअपचा आकडा सात हजार ओहम होता. नव्याचा सोळा हजार. नोव्हेंबरच्या शेवटी तो आला. त्याचे खिळे माझ्या तारांच्या अगदी खाली येत नव्हते, कडेच्या दोन तारा बाहेरून जात होत्या, पण व्यंकटराव म्हणाले, एवढ्याने काही होत नाही. डाग देऊन, म्हणजे तारांची टोके कथलाने जोडून, त्यांनी तो पक्का केला आणि हाक मारली.

"दमे, ये. बघ आता."

त्या पदराला हात पुसत आल्या. मला मांडीवर घेतले. पहिला सूर निघाला आणि खिडकीच्या काचा थरारल्या. मलाच माझी भीती वाटली. त्यांनी आवाजाचे बटण कमी केले, तेव्हा तो मळकट झाला. त्यांनी वरचा खटका लावला, तर तो बिचारा शेजारच्या घरात वाजतोय असे वाटले. दोन-तीन मिनिटे त्यांनी बोटे फिरवली. मग मला हळूच खाली ठेवले.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण मोठ्यानं बोलणारा माणूस आहे हा. मी नाही अशी."

"सहा महिने घातलेत मी यात!"

"सहा महिन्यांत एकदा विचारलं असतंत."

"तुला आजवर माझं काही पटलंय का? सांग, एक तरी गोष्ट?"

दमयंतीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग तारा फडक्याने पुसल्या आणि मला पिशवीत ठेवले. या वेळी माळ्यावर.

लग्न झाले. संगीताच्या दिवशीचे मला सईच्या बोलण्यातून पुढे कळले. तिने आईला विचारले, "आई, गिटार कुठंय?" आणि दमयंतीबाई म्हणाल्या, "अगं, ऐनवेळी तार तुटली." तार तुटली नव्हती. नवऱ्याची चूक लेकीला दिसू नये म्हणून त्या खोटे बोलल्या. व्यंकटराव शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकले आणि खालमानेने पाहुण्यांना पाणी द्यायला गेले.

त्यानंतर दोन वर्षे मी माळ्यावर होते. खाली आले ती २०१८ च्या ऑक्टोबरात. त्या वर्षी पुन्हा पाऊस झाला नव्हता. दमयंतीबाई आजारी होत्या आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा असे सांगितले होते. व्यंकटरावांनी मला त्यांच्या पलंगासमोर खुर्चीवर ठेवले. ते त्यांच्या पायांना तेल लावत होते.

"दमे, तो जुना आवाज कसा होता गं?"

त्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. लग्न झाल्यापासून व्यंकटरावांनी हे पहिल्यांदाच विचारले होते.

"कमी होता हो," त्या म्हणाल्या. "जोर नव्हता त्याच्यात. रामकिसनचा आवाज किती पातळ होता. मी जोरानं वाजवलं असतं, तर तो बुडाला असता. खालचा जरा अशक्त होता, म्हणून त्याला जागा राहायची. तो थांबला की मग मी. मला तेवढंच पुरायचं."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आकडे सांगत होतात."

व्यंकटरावांनी आपली आकड्यांची वही काढली. पहिल्यांदाच त्यांनी त्या वहीत आकडा न लिहिता दमयंतीबाईंचे शब्द लिहिले. मग ते कचरूकडे गेले आणि घरी येऊन सारे सांगितले. जुना पिकअप कचरूने फेकला नव्हता. नटबोल्टच्या डब्यात ठेवला होता. "टाकवंना साहेब," तो म्हणाला होता. "एवढं बारीक काम कुनी तरी मन लावून केलं असंल ना." जुन्या गुंडाळीची जाडी मोजून तेवढेच फेरे घालतो, असेही त्याने कबूल केले होते. म्हणजे जे दोन वर्षांपूर्वी होऊ शकत होते, तेच आता होणार होते.

सईने पुण्याहून बारीक तार पाठवली. कचरूने शिलाई मशीनच्या मोटारीवर गुंडाळायला घेतले. तार दोनदा तुटली. दुकानात शेतकऱ्यांची गर्दी होती. व्यंकटराव रोज सकाळी जाऊन बसत. एकदा कारभारी नावाचा मेंढपाळ मोटार घेऊन आला आणि म्हणाला, "दोनशे मेंढरं हाईत, कालपास्नं पानी नाय." कचरूने व्यंकटरावांकडे पाहिले. व्यंकटराव म्हणाले, "आधी त्याचं कर." असे तीन-चार वेळा झाले. घरी येऊन ते दमयंतीबाईंना सांगत आणि त्या म्हणत, "बरं केलंत. माझं काय, थांबेन."

त्या थांबू शकल्या नाहीत. डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी सईचा हात हातात असताना त्या गेल्या.

बुधवारी फाटक वाजले. कचरू बाहेरूनच मोठ्याने बोलत आला, "साहेब, झालं बघा! बाईसायबांना बोलवा. आज वाजवून घेतल्याबिगर मी जात नाय." मग त्याला दाराबाहेरच्या चपला दिसल्या. सतरंजीवर बसलेली माणसे दिसली. त्याने डोक्यावरची टोपी काढली. आत येऊन व्यंकटरावांच्या तळहातावर पिकअप ठेवला, त्यांची बोटे आपल्या हाताने मिटवली आणि त्यांच्याशेजारी बसून राहिला.

चौदावा झाल्यावर व्यंकटरावांनी तो सोळा हजारांचा पिकअप माझ्यातून काढला. त्या दिवसापासून ब्रिजपाशी माझ्या अंगात एक चौकोनी भोक आहे. आता शहराचे नाव बदलले. दारासमोरचा रस्ता नव्या जलवाहिनीसाठी दोनदा खोदला गेला. कचरूचे केस पांढरे झाले. तो येता-जाता म्हणतो, "साहेब, दोनच डाग द्यायचेत. पाच मिन्टांचं काम." मागच्या दिवाळीत सई आली होती. ती म्हणाली, "बाबा, जोडा ना. मी शिकते."

"आणि तो आवाज निघाला नाही तर?" व्यंकटराव म्हणाले.

"मग निघाला नाही."

"आणि निघाला तर, सई? निघाला तर मी काय करू?"

सईने माझ्यावरची धूळ पुसली आणि चहा ठेवायला गेली.

मित्रांनो, लाकडाला आणि तांब्याला जपा, कोरडे ठेवा, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती दुसरीच आहे. तुमच्या घरात कोणी वाजवत असेल, शिवत असेल, चित्रे काढत असेल, आणि त्याची वस्तू बिघडली, तर बाजारात जाण्याआधी त्याच्याजवळ बसा. तुला काय हवे, असे विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका. माझ्या घरी हे विचारले गेले, पण फार उशिरा. व्यंकटराव वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत राहिले, आपल्याला कळते आणि वेळ पुष्कळ आहे.

कचरूने भरलेला पिकअप कपाटात दमयंतीबाईंच्या चष्म्याच्या डबीत आहे. तो अजून कोणी ऐकलेला नाही. त्याच्या दोन तारांना डाग द्यायचा राहिला आहे.